कोणी केलं, कोणाला केलं

माझ्या नातीला इंग्रजीची अवघड क्रियापदं पाठ होत नव्हती आणि माझ्या भावाला माझी सही हवी होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो मी जोडला, आणि जोडला ते बरंच झालं असं मी अजूनही म्हणते. घरात दुसरं कोणी म्हणत नाही.

आधी नातीचं. माझ्या मुलाची मुलगी, बी.कॉम. झालेली. बँकेच्या परीक्षेला एकदा बसली, गणितात निघाली, इंग्रजीत आपटली. मग मुलानं तिला कॉलेज रोडवरच्या एका क्लासला घातलं. त्या सरांचा फोटो रिक्षांच्या पाठीवर असतो. हाताची घडी आणि मागे विमान. बँकेच्या परीक्षेत विमान कुठून आलं ते मला कळलेलं नाही. सर शिकवत काही नाहीत. रोज वीस क्रियापदांचा छापील कागद हातात देतात, प्रत्येकापुढे मराठी अर्थ, आणि सांगतात, उद्या पाठ करून या. एवढ्यावर क्लास चालत असेल तर मी चौथी शिकलेली बाईसुद्धा चालवीन. फोटो तेवढा कोणीतरी काढून द्या.

सकाळी मुलगा अंबडला कंपनीत गेला की नात दारापुढच्या ओट्यावर येरझाऱ्या घालत घोकायची. मी तिथंच लसूण सोलत बसलेली. "बरेट, निर्भर्त्सना करणे. स्क्वाँडर, अपव्यय करणे. बरेट, निर्भर्त्सना करणे." दुसऱ्या दिवशी विचारलं की निर्भर्त्सना स्क्वाँडरपुढे आणि अपव्यय बरेटपुढे. आठ दिवस हे ऐकलं. नवव्या दिवशी तिच्या हातातून कागद घेतला. इंग्रजी मला येत नाही, पण तिनं पेन्सिलीनं मराठी अक्षरांत उच्चार लिहून ठेवले होते, ते वाचता येत होते.

"हे मराठी कोण बोलतं गं?" मी विचारलं. "तुझे सर घरी बायकोची निर्भर्त्सना करतात, का तिला ताडताड बोलतात?"

"आजी, छापलंय तसं. मला पाठ करू दे."

"पाठ होत नाहीये म्हणूनच बोलते. बरेट. कोणी केलं?"

"कोणी केलं म्हणजे? क्रियापद आहे ते."

"म्हणूनच विचारते. कोणीतरी केल्याशिवाय क्रिया होत नाही. कोणी केलं, कोणाला केलं?"

मग मीच सांगितलं. माझी सासू मला सकाळी उठल्यापासून बोलायची. भाकरी जाड झाली तर बोलायची, पातळ झाली तर बोलायची, आणि बरी झाली तर माझ्या आईनं पहिल्यापासून का नाही शिकवली म्हणून बोलायची. हे बरेट. सासूनं केलं, मला केलं. नातीनं एक जाड वही काढली आणि त्यात इंग्रजीत वाक्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर फटकन सांगितलं. सरांचा अर्थ विसरली होती, सासू विसरली नव्हती.

तेव्हापासून तीच रीत पडली. ती क्रियापद म्हणायची, मी माणूस शोधायची, ती वहीत वाक्य लिहायची. अट एकच होती, वाक्य खरं पाहिजे. खोटं लिहिलं की लक्षात राहत नाही, हे मीच तिला बजावलं होतं. माणसं कमी पडली नाहीत. स्क्वाँडरवर माझा चुलतसासरा बसला, त्यानं कुस्तीच्या पैजेत बैलजोडी घालवली होती. प्लॅकेट, म्हणजे रागावलेल्याला गप्प करणं, ते माझ्या नवऱ्याचं. सासूनं ताट भिरकावलं की तो म्हणायचा, "आई, तिचं चुकलं, तू जेव." चूक खरंच कोणाची ते त्यानं चाळीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. आवाज बंद झाला की त्याचं काम झालं.

फेन म्हणजे सोंग करणं. ते मी सुनेच्या आईला दिलं, कारण आमच्याकडे काही कार्य निघालं आणि पाटे-वरवंटे काढले की त्या बाईंना घेरी येते.

आतून सून ओरडली, "आई, माझ्या आईला तरी सोडा!"

"त्यांना सांग घेरी सोडायला."

"आजी, मी लिहून टाकलं," नात म्हणाली.

सून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. फेन मात्र पाठ झालं.

मग युझर्प आलं. बळकावणे. मी लगेच म्हटलं, "हे तुझ्या मामाआजोबांचं." म्हणजे माझ्या भावाचं.

माझं माहेर नामपूरचं. घर कांदेवाल्यांचं. आम्ही दोघंच, मी थोरली, तो धाकटा. त्याला मी कडेवर घेऊन कांदे निवडलेत. बाप गेला तेव्हा मी इथं नाशिकच्या सिडकोत राहायला आले होते, पदरात दोन मुलं. त्या वर्षी भावानं आखाजीला बोलावलं. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या बागलाणात तो लेकींचा सण. लग्न झालेल्या पोरी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, चार दिवस कोणाचं ऐकत नाहीत. मी दोन दिवस झोके घेतले. तिसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला, "आक्का, सटाण्याले जाऊन येऊ." तिथं हक्कसोडीचा कागद तयार होता. बहिणीनं लिहून द्यायचं की बापाच्या जमिनीत मला काही नको, सगळं भावाचं. आमच्याकडे सगळ्याच बहिणी देतात. दिलं की साडी मिळते, जेवण मिळतं आणि पुढल्या आखाजीचं बोलावणं मिळतं. नाही दिलं तर माहेर संपलं.

कचेरीत बाकीच्या बाया अंगठे लावत होत्या. मी सही केली. त्याचाच मला तोरा. मला वाचता येत होतं आणि मी कागद वाचला नाही. "वाचायचं काय त्यात, आपल्याच घरचा कागद शे," भाऊ म्हणाला, ते मला पटलं. हिरवी साडी नेसून मी नाशिकला परत आले आणि शेजारणींना साडी दाखवली.

हे सगळं नातीला सांगितलं. तिनं युझर्पचं वाक्य लिहिलं. त्याच आठवड्यात रिलिंक्विश आलं. सरांच्या कागदावर अर्थ होता, त्याग करणे. माझं डोकं फिरलं.

"त्याग साधुसंत करतात," मी म्हणाले. "सोडायला लावलं आणि सोडलं, त्याला त्याग कसला म्हणतात? लिही, आजीनं सोडलं."

नात वहीवर पेन धरून थोडा वेळ बसली. मग तिनं काहीतरी लिहिलं. म्हणाली, "हे मी नाही विसरणार आजी." मला वाटलं, माझी गोष्ट तिच्या मनाला लागली. मी खूश होऊन उरलेला लसूण सोलून टाकला.

आता भावाचं. माझी आई नव्वदी ओलांडून गेली. शेवटची सहा वर्षं ती माझ्याकडे होती. भावानं मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी म्हणून तिला नाशिकला आणून सोडली, आणि ऑपरेशन होऊन तिला दोन्ही डोळ्यांनी दिसायला लागलं तरी न्यायला आला नाही. तिचं हगणंमुतणं मी काढलं. मेल्यावर मात्र गाडी घेऊन दोन तासांत हजर. मुलगा असताना आईला दुसऱ्यानं अग्नी द्यायचा नाही, म्हणून. बापाच्या मागे थोडी जमीन आईच्या नावावर राहिली होती. आई गेल्यावर सातबाऱ्यावर भावाबरोबर माझंही नाव लागलं. ते त्याला खुपायला लागलं.

यंदा आखाजीच्या आधी त्याचा फोन आला. काम असलं की तो अहिराणीत बोलतो आणि रागावला की शहरी.

"आक्का, कशी शे तू? आखाजीले ये बरं. आणि रविवारी मी येस तिकडे. तुनं नाव कमी करानं शे, तेवढी सही दे."

नाव कमी करायचं. असंच म्हणतात. जणू डोक्यावरची पाटी उतरवून घेतोय.

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मुलाला सांगितलं तर तो ताटात बघत म्हणाला, "देऊन टाक सही. मामाशी कशाला वाकडं घेतेस? सगळ्याच बहिणी देतात." तो ताटातच का बघत होता ते मला तेव्हा समजायला हवं होतं. नाही समजलं. जमीन मला कसायची नव्हती, माझे गुडघे उंबरा ओलांडताना कुरकुरतात. पण या खेपेला सही द्यायची नाही असं माझं ठरत आलं होतं. मागे फिरवत होती ती आखाजी. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी झोक्यावर कोणी बसत नाही, पण बोलावणं हवं असतं. बोलावणं नसलेल्या बाईला आमच्याकडे कोणी विचारत नाही की तू कुठली.

रविवारी भाऊ आला. बरोबर त्याची सून, गाडी तीच चालवते. इंग्रजी शाळेत बाई आहे. गाडीच्या मागून उन्हाळ कांद्याची एक गोणी निघाली, ती दोघांनी उचलून दारात आणून ठेवली. माझी सून गोणी बघून हसली. मी हसले नाही. भाऊ काही आणतो तेव्हा काही न्यायला आलेला असतो.

"आक्का, तुले काय कमी शे?" तो बसल्या बसल्या म्हणाला. "मुलगा कंपनीत, घर स्वतःचं, नळाला पाणी."

"कमी काही नाही. तूच म्हणतोस कमी करायचं."

"कायनं कमी? नावच शे. मी तुना भाऊ शे ना?"

"आई सहा वर्षं इथं होती तेव्हा कोणाचा होतास?"

माझ्या मुलानं मध्ये तोंड घातलं, "आई, आधी चहा तर होऊ दे." नात चहा करायला आत गेली. तिची वही दिवाणावर पडली होती. भावाच्या सुनेनं ती सहज उचलली. "अगं बाई, व्होकॅब्युलरी! मीपण शाळेत मुलांना हेच करायला लावते." आणि हसत हसत वाचायला लागली. एक पान उलटलं तेव्हा हसत होती. दुसरं उलटलं आणि हसू जागच्या जागी वाळलं. तिनं वही मिटली.

"काय शे त्यात?" भावानं विचारलं.

"काही नाही नाना. अभ्यासाचं आहे."

"वाच की मोठ्यानं," मी म्हणाले. "मराठीत सांग. तुमच्या घरचाच अभ्यास आहे."

"राहू द्या ना आत्याबाई."

"वाच."

बिचारी वाचायला लागली. शिक्षिका असल्यामुळे तिला गुळमुळीत वाचता येत नाही, स्पष्ट वाचते. मामाआजोबांनी आजीचं शेत बळकावलं. मामाआजोबांनी पणजीला टाकून दिलं. मामाआजोबा दुःखाचं सोंग करतात. या शेवटच्या वाक्याचं मलाही नवल वाटलं, ते मी सांगितलं नव्हतं. पोरीनं स्मशानात स्वतः पाहून लिहिलं होतं.

भावाची अहिराणी गेली. "मी बळकावलं? आक्का, मी बळकावलं? सही कोणी केली? तुझा हात धरला होता का मी? दोन अक्षरं शिकलेली होतीस, वाचायचं होतं. आणि हे तू पोरीला इंग्रजीत शिकवतेस?"

सही माझीच होती. ते खरं बोलला. म्हणून मी आवाज चढवला. "इंग्रजीत लिहिलं म्हणून आज ऐकलंस तरी. मराठीत चाळीस वर्षं ऐकत होतास का?"

"वाच गं पुढं," तो सुनेला म्हणाला. "अजून काय काय गुण उधळलेत ते कळू दे."

तिनं पान उलटलं. वाचलं आणि थांबली. माझ्याकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. तिथं नात चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

"आत्याबाई, हे तुमच्यावर आहे."

"असू दे. वाच."

"कोअर्स. म्हणजे दाबून एखादी गोष्ट करायला लावणं. आजीनं आत्याला घरावरच्या हक्काच्या कागदावर सही करायला लावली." तिनं बोट खाली सरकवलं. "आणि त्याच्या खाली, रिलिंक्विश. आत्यानं हक्क सोडला, कारण आजी म्हणाली, माहेर हवं असेल तर सही कर."

माझा मुलगा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता, जणू त्याची कंपनी त्यातच आहे.

मग माझा भाऊ हसला. मनापासून, मांडीवर थाप मारून. "वा आक्का! मग माझ्यापेक्षा वेगळं काय केलंस तू?"

खरी गोष्ट होती. माझा नवरा गेला, तेरावा झाला, आणि पुढच्या महिन्यात मी माझ्या मुलीला, मुलाच्या बहिणीला, सिन्नरहून बोलावून घेतलं. हे घर नवऱ्याच्या नावावर होतं. म्हटलं, मुलीला तिचं घर आहे, इथं तिचं नाव कशाला, माझं आणि मुलाचं पुरे. कचेरीत तिनं एकच विचारलं, "आई, मी आधी वाचू का?" आणि मी म्हणाले, "वाचायचं काय त्यात? आपल्याच घरचा कागद आहे." भावाचेच शब्द, अहिराणी तेवढी काढून टाकलेली. तिला मोरपंखी साडी दिली. तिनं सही केली. त्यानंतर ती दिवाळीला येते, एक दिवस राहते, सुनेला मदत करते आणि जाते. मला वाटायचं, तिचा स्वभावच कमी बोलण्याचा आहे. भावाचं शेत मला पन्नास वेळा आठवलं असेल. मुलीची सही एकदाही आठवली नाही. तोच कागद माझ्या हातात होता आणि मला वाटत होतं, तो वेगळा आहे.

"वेगळं काही नाही," मी भावाला म्हणाले.

"मग कर सही."

"नाही करत."

"का? तुझं तू घेतलंस ना लेकीकडून?"

"माझं चुकलं ते मला आत्ता कळलं. तुझं चुकलं ते मला आधीपासून माहीत होतं."

तो उठला. कागदाची पिशवी काखेत मारली. "मग आखाजी विसर. आणि नामपूरही विसर."

"तू आईला विसरलास तेवढं विसरीन."

चहा तसाच राहिला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. भाऊ परत दारात. आम्हाला वाटलं, काही राहिलं असेल. राहिलीच होती, कांद्याची गोणी. एका बाजूनं त्यानं धरली, दुसऱ्या बाजूनं सुनेनं, आणि दोघांनी ती पुन्हा गाडीत घातली. ती बिचारी माझ्याकडे बघत नव्हती. तिला बघायला तोंड नव्हतं असं नाही, गोणी जड होती.

नातीवर माझा राग भावापेक्षा जास्त होता. तिला दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं, आणि दिल्या असत्या, पण ती माझ्यापेक्षा उंच आहे.

"कधी लिहिलंस ते?"

"तू म्हणालीस ना, खरं लिही."

"मी माझं लिही म्हणाले होते."

"तुझं मला ऐकून माहीत होतं. आत्याचं मी बघितलं होतं. मी सातवीत होते, तिथंच होते. ती कचेरीच्या बाहेर येऊन रडली होती. तू साडीची पिशवी शोधत होतीस."

मी तिला चार दिवस क्रियापदं विचारली नाहीत. ती एकटीच येरझाऱ्या घालून घोकत होती. चुकत नव्हती, त्याचाही मला राग येत होता.

पाचव्या दिवशी मी सिन्नरची एसटी धरली. मुलगी तिथं औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांचे डबे करते. मी पोचले तेव्हा सकाळची अकराची वेळ, तिच्यापुढे डबे उघडे, पोळ्यांचा ढीग. मला बघून तिनं हात थांबवला नाही.

"कोण आजारी आहे?"

"कोणी नाही."

"मग कशाला आलीस? बस. तिथं नको, तिथं डबे ठेवायचेत."

मी दुसऱ्या बाजूला बसले. जे सांगायचं होतं ते सरळ सांगितलं. त्या घराचा अर्धा हिस्सा अजून माझ्या नावावर आहे. मृत्युपत्र करून तो मी तुझ्या नावानं करते.

तिनं पोळी तव्यावर टाकली. "कशाला? तू गेलीस की दादा येईल दारात. ताई, एक सही दे म्हणत."

"देऊ नकोस."

आता मात्र तिचा हात थांबला. "तू मला सांगतेस, सही देऊ नकोस? तू?" आणि ती हसली. तिच्या मामासारखंच हसली. ते मला सोसलं नाही, पण मी बसून राहिले.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"हो, चुकलं." एवढंच. नको गं आई, असं कसं बोलतेस, यातलं काही नाही. तिनं एक पातेलं चुलीवर ठेवलं, चहाचं पाणी टाकलं. म्हणाली, "हे पातेलं ओळखतेस?"

"नाही."

"कसं ओळखशील. मोरपंखी साडी बोहारणीला दिली, तिनं हे दिलं. साडी फार बरी नव्हती आई. बोहारीणसुद्धा कुरकुरत होती. पण पातेलं टिकलं."

त्याच पातेल्यातला चहा तिनं मला दिला. मी पूर्ण प्यायले. मग पोळ्या डब्यात भरायला लागले. तिनं नको म्हटलं नाही. "चार चार टाक, मोजून," एवढं म्हणाली. आम्ही दुपारपर्यंत डबे भरले.

नाशिकला येऊन मी वकिलाकडे गेले, नातीला घेऊन. या खेपेला कागद वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, बोट ठेवून. वकील घड्याळ बघत होता, त्याला बघू दिलं. दोन शब्द कळले नाहीत, ते विचारले. त्यानं त्यांच्या जागी सोपे शब्द घातले, तेव्हा सही केली. मुलाला मी स्वतः सांगितलं, मागून कळायला नको. तो म्हणाला, "नातीच्या वहीवरून घर वाटतेस?" मी म्हटलं, "वहीत खोटं काय आहे ते दाखव, कागद फाडून टाकते." त्यानं काही दाखवलं नाही. माझ्याशी बोलत नाही. सून बोलते, पण ताट आपटून ठेवते. सुनेचं काय चुकलं, तिच्या मुलीच्या वाट्याचंही त्यात गेलं असं तिला वाटतं. मी मुलीला विचारलं होतं, म्हणजे नातीला. ती म्हणाली, "माझं मी घेईन बँकेत लागून." अजून परीक्षा व्हायची आहे, बोलायला काय जातं.

तिच्या वहीत एक क्रियापद बरेच दिवस रिकामं होतं. बिक्वीद. आपल्या मागे एखादी वस्तू कोणाला तरी लिहून ठेवणं. त्यापुढे वाक्य नव्हतं, कारण आमच्या दोन्ही घरांत कोणी कुठल्या बाईला काही लिहून ठेवल्याचं आम्हाला आठवेना. वकिलाकडून आल्यावर ती पेन घेऊन बसली. मी म्हटलं, "आत्ता लिहू नकोस. मी अजून मेले नाही. मेल्यावर तुझ्या आत्याला मिळालं, तर लिही." तिनं पेन्सिलीनं लिहून ठेवलं आहे. पेन्सिलीला मी हरकत घेतली नाही.

नामपूरहून बोलावणं आलं नाही. येणार नव्हतंच. मग मी सिन्नरला फोन लावला आणि मुलीला म्हटलं, "आखाजीला ये. चार दिवस राहायला ये, एक नाही."

"डबे कोण करेल?"

"सुट्टी असते कंपन्यांना."

"सगळ्यांना नसते."

"मग दोन दिवस ये."

मागून कुकरची शिट्टी ऐकू आली. मग म्हणाली, "बघते."

आमच्यात बघते म्हणजे बहुतेक नाही. तरी मी नातीला सांगून बाजारातून आंबे आणवलेत, आणि ते पिकायला गवतात घातलेत. दारात झोका बांधायला झाड नाही, सिडकोत कोणाकडेच नाही. ती आली तर बसेल ओट्यावर. नाही आली तर आंबे आम्ही खाऊ, आणि मी पुन्हा फोन लावीन.